रताळ्याच्या पोटातली गाठ: ओव्हनमधलं गोड रताळं दरवेळी का फसतं

रताळी धुतली, काट्यानं टोचली, तूप चोळून ओव्हनमध्ये तासभर भाजली. बाहेर काढली तेव्हा साल सुरकुतलेली, टोचलेल्या जागी काळपट चिकट पाक आलेला, घरभर वास. उभी चीर दिली, वर गूळ-तूप ओतलं, पहिला चमचा छान लागला आणि दुसरा मध्येच अडला. रताळ्याच्या पोटात बोटाएवढी पांढरट, टणक गाठ. कच्ची म्हणावी तर तिच्यातूनही वाफ येत होती.

माझ्याकडे हे तीनदा झालं. तिसऱ्यांदा झालं ते २६ फेब्रुवारी २०२५ ला, महाशिवरात्रीला. नाशिकच्या कपालेश्वराच्या रांगेत उभं राहून सगळे भुकेले घरी आलो, सासूबाईंचा कडक उपवास, आणि साबुदाण्याचा कंटाळा आला म्हणून मी मोठ्या हौसेनं हा बेत केलेला. आईंनी गाठ चमच्यानं वेगळी काढून ताटाच्या कडेला ठेवली. बोलल्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा ठरवलं, हे एकदा नीट शोधायचंच. ज्यांना हीच गाठ लागते त्यांच्यासाठी मी काय काय तपासलं ते लिहिते. निम्मे संशय चुकीचे निघाले, पण ते दूर केल्याशिवाय खरं कारण दिसत नाही.

आधी ओव्हनवर संशय

कोणीही हेच म्हणेल की शिजलं नाही, अजून ठेव. ठेवलं. तासाचे ऐंशी मिनिटं केले, मग पंच्याण्णव. कडेचा भाग सुकून भुसभुशीत झाला, साल कोळशासारखी झाली आणि गाठ होती तिथेच. खरं तर इथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. कच्चं राहिलेलं रताळं जास्त वेळ दिला की शिजतं. हे शिजत नव्हतं.

मग वाटलं, आपला ओटीजीच खोटं बोलतोय. घरगुती ओटीजीची चकती दाखवते तितकं तापमान आत असतंच असं नाही, वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज असतो. थर्मामीटर नसेल तर साखरेनं अंदाज घेता येतो. साखर साधारण १८६ अंश सेल्सिअसला वितळते. फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साखर ठेवा, ओव्हन १७५ वर ठेवून पंधरा मिनिटं थांबा. वितळायला नको. मग १९५ वर न्या, आता वितळायला हवी. माझा ओव्हन थोडा गार निघाला, पण गाठीचा दोष देण्याइतका नाही.

तिसरा संशय जाडीचा, आणि तो अर्धा खरा होता. उष्णता रताळ्याच्या आत हळूहळू झिरपत जाते, आणि जाडी दीडपट झाली की वेळ दीडपट लागत नाही, जवळपास सव्वादोनपट लागतो. म्हणजे चार सेंटिमीटर जाडीचं रताळं पाऊण तासात झालं, तर सहा सेंटिमीटरचं पावणेदोन तास मागेल. आपण बाजारातून एक गलेलठ्ठ आणि तीन सडपातळ अशी रताळी आणतो आणि एकाच ट्रेमध्ये लावतो. तेव्हा एक कच्चं राहणारच. म्हणून आता मी भाजीवाल्या मावशींकडे बसून एकाच जाडीची निवडते. त्या म्हणतात, ‘ताई, लग्नाला मुलं बघताय का?’ म्हणू देत. पण महाशिवरात्रीची चारही रताळी सारख्या जाडीची होती, आणि गाठ चारही रताळ्यांत होती.

गाठ कुठून आली

नाशिककरांना बुधवारचा बाजार ठाऊक असतोच. गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर भरतो तो. महाशिवरात्र नेमकी बुधवारी आली होती आणि सणाच्या दिवशी भाव चढतात म्हणून मी आदल्या बुधवारीच दोन किलो रताळी आणून ठेवली होती. कुठे? फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात. सहा दिवस. मंगळवारी रात्री बाहेर काढून ओट्यावर ठेवली, का, तर गार रताळं एकदम ओव्हनमध्ये घालू नये असं कुठेतरी वाचलं होतं. शहाणपणाचा कळस.

पुढच्या बाजारातून सहा रताळी आणली, जाडी सारखी, एकाच ढिगातली. तीन फ्रिजमध्ये, तीन ओट्याखालच्या वेताच्या टोपलीत. पाच दिवसांनी फ्रिजमधली बाहेर काढली, रात्रभर ओट्यावर ठेवली आणि सकाळी सहाही एकाच ट्रेमध्ये, एकाच वेळी भाजली. टोपलीतली तिन्ही शेवटपर्यंत मऊ. फ्रिजमधल्या दोघांत गाठ, तिसऱ्यात गाठ नाही पण मधला भाग चिवट.

रताळं हे उष्ण प्रदेशातलं कंद आहे, मूळचं अमेरिका खंडातलं. (आपला ‘बटाटा’ हा शब्दही पोर्तुगीजांमार्फत आला तो मुळात रताळ्याच्याच नावावरून. नाव रताळ्याचं गेलं आणि मान बटाट्याला मिळाला.) बटाट्याला गारवा सोसतो, याला सोसत नाही. साधारण १२ अंशांच्या खाली कच्चं रताळं काही दिवस राहिलं की आतल्या पेशींना इजा होते. वरून काही दिसत नाही. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन एरवी उष्णतेनं सैल होतं आणि म्हणून रताळं मऊ होतं. गारठलेल्या रताळ्यात ते मधल्या भागात सैल व्हायला तयार नसतं. गारव्यातून पुन्हा उबेत आल्यावर हा दोष पक्का होतो, म्हणजे मी रात्रभर ओट्यावर ठेवून त्यात भरच घातली. घरगुती फ्रिज चार-पाच अंशांवर चालतो. एकदा गाठ धरली की ती ओव्हनमध्ये जात नाही, कुकरमध्ये जात नाही, निखाऱ्यावरही जात नाही. असं रताळं हाती आलं तर किसून तुपावर परता, गाठीचा त्रास निदान बारीक होतो. बाकी उपाय नाही.

हे माझ्या नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, ‘वहिनी, आमच्याकडे तर रताळी फ्रिजमध्ये जातच नाहीत, तरी गाठ येते.’ ती निफाडला. रताळी पडवीत पोत्यावर पसरलेली, महिना डिसेंबर. निफाडचा पारा थंडीत पाच अंशांच्याही खाली उतरतो हे दर हिवाळ्यात बातम्यांत असतं. तिचे यजमान रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून मण्यांना जपतात, आणि तेवढ्याच थंडीत रताळी पडवीत उघडी! नाशिक शहरातही थंडीच्या दिवसांत गच्चीत, गॅलरीत ठेवलेल्या टोपलीची गत तीच होते. तिने पोतं स्वयंपाकघरात आणलं, त्यानंतर गाठ नाही.

तेव्हा पहिला नियम एवढाच: कच्चं रताळं फ्रिजमध्ये नाही, आणि थंडीत उघड्यावर नाही. हवेशीर टोपली, अंधारी कोरडी जागा. आणायचं तेव्हा धुऊ नका, माती तशीच राहू द्या, वापरायच्या आधी धुवा. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलं तर घाम येऊन कुजतं.

शिजलं, पण गोड नाही

दुसरी तक्रार हीच येते. गाठ नाही, मऊ आहे, पण चव बटाट्याची. वर कितीही गूळ ओता, आत सपक.

यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ‘ताजं ते चांगलं’ हा आपला हट्ट. सणाच्या दिवसांत मागणी असते म्हणून रताळी आदल्या एक-दोन दिवसांत खणून थेट बाजारात येतात. मावशी अभिमानानं सांगतात, ‘कालची खणलेली आहेत,’ आणि आपण खूश होऊन घेतो. नुकतंच खणलेलं रताळं पिठूळ असतं. ते मुरावं लागतं. व्यापारी पद्धतीत खणल्यावर साधारण ३० अंशांच्या उबेत, ८५ ते ९० टक्के दमटपणात चार ते सात दिवस ठेवतात. त्यात खणतानाच्या जखमांवर नवी साल धरते, आणि पुढे साठवणीत पिठाची थोडी थोडी साखर होत राहते. घरी एवढी सोय कुणाकडे असते? टोपलीत आठ-दहा दिवस ठेवलं तरी फरक कळतो. म्हणजे आदल्या बुधवारी आणायची माझी अक्कल बरोबर होती, जागा चुकली होती.

दुसरी गोष्ट ओव्हनमधली, आणि मला सगळ्यात जास्त रस याच गोष्टीत आहे. रताळ्याचा बराचसा गोडवा आधी आत नसतोच, भाजताना तयार होतो. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते पिठाचे तुकडे करून माल्टोज नावाची साखर बनवतं. पण कच्च्या पिठाला ते फारसं हात लावू शकत नाही; पीठ फुगायला साधारण ६० अंश लागतात. आणि ७५-८० अंशांच्या पुढे गेलं की ते विकर स्वतःच निकामी होतं. म्हणजे साखर बनायला मिळते ती या मधल्या टप्प्यात रताळं जितका वेळ राहील तितकीच. मायक्रोवेव्हमध्ये पाच-सात मिनिटांत हा टप्पा सटकन मागे पडतो, म्हणून ते रताळं मऊ होऊनही फिकं लागतं. कुकरच्या शिट्ट्यांचंही तेच. हुरड्याला गेलं की आगटीच्या राखेत सगळ्यात शेवटी पुरलेलं आणि विसरलेलं रताळं सगळ्यात गोड का लागतं, याचं उत्तर यात आहे.

म्हणून मी आता ओव्हन आधी तापवत नाही. केकची सवय इथे सोडायची. चार ते साडेचार सेंटिमीटर जाडीची, प्रत्येकी दोनशे ग्रॅमच्या आसपासची रताळी थंड ओव्हनमध्ये मधल्या जाळीवर ठेवते, खाली ट्रे. दोन्ही कॉइल चालू, १५० अंशांवर तीस मिनिटं. मग २०० वर पस्तीस ते चाळीस मिनिटं, मध्ये एकदा फिरवून, कारण माझ्या ओटीजीची मागची बाजू जास्त तापते. टोचलेल्या जागी पाक फेसाळून बाहेर यायला लागला की झालं समजावं. थर्मामीटर असेल तर मधोमध ९५ च्या वर हवं. नसेल तर बारीक सुई घाला, मध्ये कुठेही अडखळायला नको. ओव्हन बंद करून दहा मिनिटं आतच राहू द्या.

फॉइलमध्ये गुंडाळू नका. ते भाजणं नाही, वाफवणं होतं. साल ओली राहते आणि गर पाणचट होतो. फॉइल खाली ट्रेवर अंथरा, पाक टपकून जळला की घासायला संक्रांत.

आणखी एक. परदेशी पाककृतींत असतं ते रताळं केशरी गराचं, ओलसर, मुळातच मऊ. आपल्याकडे बाजारात बहुतेक लाल सालीचं, पांढऱ्या गराचं मिळतं, ते कोरडं आणि पिठाळ. मापं त्यांची आणि रताळं आपलं असं केलं की घशात बसतं. तो बिघाड नाही, जात वेगळी. केशरी गराच्या जाती आपल्याकडेही आहेत, तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेची ‘भू सोना’ त्यातलीच; पण आपल्या भाजीबाजारात ती सहज दिसत नाही. पांढऱ्यासाठी उपाय म्हणजे चीर दिल्यावर गर काट्यानं मोकळा करायचा आणि गूळ घालण्याआधी अर्धा चमचा तूप नि चमचाभर कोमट दूध त्यात मुरू द्यायचं.

वरचा गूळ दगड होतो, जळतो किंवा वाहून जातो

चार रताळ्यांना मी घेते ते असं: तीन मोठे चमचे किसलेला गूळ, दोन मोठे चमचे साजूक तूप, एक मोठा चमचा पाणी, दोन चमचे जाडसर दाण्याचं कूट, चमचाभर ओलं खोबरं, वेलची, आणि चिमूटभर मीठ. उपवासाला सैंधव. दालचिनी फार छान लागते, पण ती उपवासाला चालते की नाही यावर आमच्याकडे आणि शेजारच्या काकूंकडे एकमत नाही, म्हणून मी मध्ये पडत नाही.

गूळ दगड होण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच, पाक पुढे गेला. गूळ विरघळून सगळीकडे सारखा फेस आला की गॅस बंद. तार बघायची नाही. आणखी दोन-तीन मिनिटं उकळलात तर गोळीबंद होईल आणि रताळ्यावर पडून गार झाला की चिवट टॉफी. त्याहून पुढे गेला तर सरळ चिक्की. दुकानात ‘चिक्कीचा गूळ’ वेगळा मिळतो तो यासाठी मुळीच घेऊ नका, तो कडक होण्यासाठीच असतो. पाक घट्ट झालाच तर गरम पाण्याचा चमचा घालून मंद आचेवर परत सैल होतो. कूट घालण्याआधी हे करा, नंतर गिचका होतो.

जळण्याचं कारण म्हणजे मिश्रण सुरुवातीलाच घालणं. २०० अंशांवर गूळ अर्धा तास टिकत नाही, कडू होतो. रताळं पूर्ण झाल्यावर चीर द्या, दोन्ही टोकं आत दाबा म्हणजे गर वर फुलून खळगा होतो, त्यात मिश्रण घाला आणि १८० वर, फक्त वरची कॉइल लावून, आठ मिनिटं. दारासमोरून हलू नका. वाहून जातं ते याच खळग्याअभावी. सपाट कापाच्या चकतीवर गूळ कधीच थांबत नाही.

साय घालायची असेल तर गूळ कोमट झाल्यावर. गूळ थोडा आंबट असतो, गरम गुळात दूध-साय फाटते.

किरकोळ, पण विचारलं जातं

गर हिरवट-करडा पडला तर तो विषारी नाही. रताळ्यातलं क्लोरोजेनिक आम्ल लोखंडाशी जुळलं की असा रंग येतो. लोखंडी तवा, लोखंडी विळी टाळा, आणि काप करायचे असतील तर कापल्याबरोबर पाण्यात टाका. गर फार दोरे-दोरेवाला निघाला तर रताळं मोठं आणि जून होतं, त्याला ओव्हन काही करू शकत नाही. चिरल्यावर दुधासारखा चीक येतो, तो ताजेपणाचा, घाबरू नका.

कडू लागलं तर मात्र थांबा. रताळ्याला सोंड्या भुंगा लागतो. त्याच्या अळ्या आत बोगदे करतात, आणि त्याच्याशी लढताना रताळं जी कडू द्रव्यं तयार करतं ती खाण्यास घातक असतात नि भाजून, उकडून जात नाहीत. काळा डाग तेवढा काढून उरलेलं वापरावं, असा मोह होतो. कडूपणा डागाच्या बाहेरही पसरलेला असतो. सालीवर बारीक भोकं आणि विचित्र उग्र वास असेल तर ते टोपलीतूनच बाजूला काढा, गायीलाही घालू नका.

आणि उरलेल्याचं काय, फ्रिजचं नाव घ्यायचंच नाही का? कच्च्याला नाही. भाजलेलं रताळं, वरचं गूळ-तूप न घालता, डब्यात घालून तीन दिवस फ्रिजमध्ये खुशाल ठेवा, शिजल्यावर गाठ धरत नाही. खायच्या वेळी दोन भाग करून तव्यावर तुपात कापलेली बाजू लालसर करा आणि गुळाचं मिश्रण तेवढ्यापुरतं ताजं करा. परवा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आईंनी असंच अर्धं उरलेलं स्वतः तव्यावर टाकलं आणि मला न विचारता त्यावर दालचिनी घातली.